मीच सांगितलं होतं

साताऱ्याला आईकडे गेले की सकाळी दूध आणायचं काम माझ्याकडे असतं. दोन महिन्यांपूर्वी असंच पिशवी घेऊन खाली उतरत होते, तर जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. हातात फुलांची परडी, पायात सपाता आणि काहीतरी विचारायचं राहिलंय असा चेहरा. कधी आलीस, किती दिवस आहेस, जावई कसे आहेत, हे सगळं आटपल्यावर त्या एक पायरी वर चढल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "आईने केस रंगवलेत वाटतं." त्या 'वाटतं'वर त्या क्षणभर टेकल्या होत्या. मी पटकन म्हणाले, "हो, मीच सांगितलं होतं." काकूंचा चेहरा लगेच सैल पडला. "हां, मग ठीकाय. मुलींना वाटतंच गं," असं म्हणत त्या वर गेल्या.

मी काहीही सांगितलं नव्हतं.

उलट आदल्या रात्री एसटीतून उतरून दारात उभी राहिले तेव्हा मीच दचकले होते. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई, जिचे केस माझ्या आठवणीत आधी करडे आणि मग पांढरे, ती दार उघडून उभी होती आणि तिचं डोकं तपकिरी होतं. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली त्यात तांबूस झाकही दिसत होती. कपाळाच्या कडेला, भांग सुरू होतो तिथे, रंगाचा एक डाग राहिला होता. आईने दार धरून ठेवलं ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मला आत यायला वाट द्यायची सोडून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "केवढी गर्दी होती गाडीला." मग ती बाजूला झाली. रात्री आम्ही पिठलं-भात खाल्ला, भावाच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो, गॅसच्या नंबराबद्दल बोललो. केसांचा विषय दोघींनीही काढला नाही.

दुधाच्या पिशव्या घेऊन परत येईपर्यंत ते वाक्य माझ्या मागे-मागे आलं. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही, जिन्यात माणूस बहुतेक वेळा खोटंच बोलतो. टोचत होतं ते वेगळंच. "हो, छान दिसतात ना?" एवढं म्हणून भागलं असतं. ते न म्हणता मी आईच्या हौसेवर माझा शिक्का मारून दिला होता. घरातून मंजुरी आहे, काळजी नसावी. तिचा नवरा जाऊन सदतीस वर्षं झाली, तरी तिच्या डोक्याचा जाब द्यायची जबाबदारी माझी, असं मी कधीतरी कुणाकडून तरी स्वीकारलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दुपारी पडल्या पडल्या मला नोरा आठवली.

नोरा वेबस्टर ही आयरिश लेखक कोल्म टोबीनच्या २०१४ साली आलेल्या कादंबरीतली बाई. कादंबरीचं नावही तेच. आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातलं एनिसकॉर्थी नावाचं गाव, १९६० चं दशक संपत आलेलं. नोरा चाळिशीतली, शिक्षक असलेला नवरा मॉरिस नुकताच गेलेला, दोन मुली शिकायला बाहेर, दोन लहान मुलगे घरात. या पुस्तकात एका ठिकाणी नोरा केस कापून रंगवून घेते. बस, एवढंच घडतं. पण टोबीन त्याच्यावर असा रेंगाळतो की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. आता या डोक्याने गावातून चालत घरी जायचंय. वाटेत कोण भेटेल, काय म्हणेल, आणि काहीच न म्हणता नुसतं बघेल त्याचं काय करायचं. आणि घरी गेल्यावर दोन मुलगे आहेत, त्यांचे चार डोळे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नोराची कणव आली होती. त्या दुपारी लक्षात आलं की त्या प्रकरणात आपली जागा नोराच्या शेजारी नव्हतीच कधी. आपण त्या चार डोळ्यांत होतो.

कादंबरी सुरू होते तीच दारात. शेजारचा माणूस नोराला म्हणतो की रोज येणाऱ्या या माणसांचा तुला वीट आला असेल. नोरा म्हणते, लोक चांगल्या मनाने येतात. ही ओळ वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले होते. बाबा गेले १९८८ च्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. मी अकरा वर्षांची, भाऊ आठ. तेरावं झालं तरी भेटायला येणारी माणसं थांबली नाहीत. पुरुष बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, बायका आत आईजवळ. चहा टाकायचा की नाही हा रोजचा पेच. टाकला तर 'कशाला गं आता' आणि नाही टाकला तर तेही कुणाच्या तरी लक्षात राहणार. उठताना 'येतो' म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माणूस बोलता बोलता गप्प होतो, तळहात मांडीवर घासतो, उठतो आणि चपला शोधायला लागतो. मला याची इतकी सवय झाली की पुढे कितीतरी महिने कुणी 'बरंय, येतो' म्हणून निघालं की ते उद्धटपणाचं वाटायचं. बाबांच्या शाळेतले एक सर तर दर गुरुवारी संध्याकाळी यायचे, अर्धा तास बसायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. दिवाळी उलटून गेली तरी यायचे. त्यांची सायकल फाटकाला टेकलेली दिसली की आई डोळे मिटून एक श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, "येऊ देत. चांगल्या मनाने येतात."

नोराकडे येणाऱ्यांत मे लेसी नावाची एक बाई आहे. बसते, बोलत राहते, बोलता बोलता आपल्या ब्रुकलिनला गेलेल्या मुलीचं, आयलिशचं सांगते. टोबीनचे वडील वारले तेव्हा, १९६७ साली, तो बारा वर्षांचा होता. वडील शिक्षक, गाव एनिसकॉर्थीच. त्याने नंतर सांगितलंय की तेव्हा घरी भेटायला आलेल्या एका बाईच्या तोंडून त्याने ब्रुकलिनचं नाव ऐकलं होतं. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. दुखवट्याच्या खोलीत कोपऱ्यात बसलेला मुलगा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, आणि तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीची गोष्ट कानाआड न करता साठवून ठेवतोय. 'नोरा वेबस्टर'चं पहिलं प्रकरण त्याने २००० साली लिहिलं आणि पुढे पुस्तक हलेना. पुरं व्हायला तेरा-चौदा वर्षं लागली. मधल्या काळात मे लेसीच्या त्या चार वाक्यांतून 'ब्रुकलिन' निघाली, २००९ साली छापली गेली, गाजली, तिच्यावर चित्रपटही आला. म्हणजे आईची गोष्ट लिहायला बसला आणि जमेना म्हणून आधी शेजारणीच्या मुलीची लिहून टाकली. (आयलिश हे नाव मी अख्खं पुस्तक 'एलिस' असंच वाचलं होतं. चित्रपटात पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा ही कुणाला बोलावतात ते मला कळेना.)

'ब्रुकलिन' मी पहिल्यांदा साठ-सत्तर पानांवर सोडून दिली होती, हे कबूल करते. गावातल्या मिस केलीच्या दुकानात मुलगी काम करते, बोटीने अमेरिकेला जाते, तिथे दुसऱ्या दुकानात काम करते, रात्री हिशेबाचे वर्ग. पुढे काय? टोबीनची वाक्यं साधी, आखूड, उपमा जवळजवळ नाहीत, कुणी खिडकीतून पाऊस बघत उसासे टाकत नाही. वर्षभराने प्रवासात दुसरं पुस्तक नव्हतं म्हणून पुन्हा काढली आणि या वेळी शेवटाशी येऊन अडकले. बहीण वारल्यामुळे आयलिश गावी परत आलेली असते. तिकडे गुपचूप लग्न झालंय हे तिने आईला सांगितलेलं नसतं, इकडे दुसऱ्याच एका मुलात जीव गुंततोय. शेवटी सांगणं भाग पडतं. आई ऐकून घेते. ओरडत नाही, रडत नाही. परत कधी जाणार एवढं विचारते आणि मग म्हणते की मी आता झोपायला जाते, आपण आत्ताच निरोप घेऊ, एकदाच काय तो. सकाळी मुलगी निघते तेव्हा आईच्या खोलीचं दार बंद असतं. भाऊ २००४ साली टोरोंटोला गेला त्या पहाटे गाडी खाली उभी होती, सगळे जिन्यात आले, आई आली नाही. दूध उतू जाईल, म्हणाली. मी पाण्याची बाटली घ्यायला परत वर धावले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. गॅस बंद होता.

मी काही न बोलता बाटली घेऊन खाली आले.

टोबीनच्या पुस्तकांत सगळे एकमेकांना असंच सोडून देतात. बोलत नाहीत, पण न बोलण्यालाही त्याच्याकडे किती पोत आहेत! मॉरिस हॉस्पिटलात होता ते महिने नोराने दोन्ही मुलग्यांना जोसी मावशीकडे ठेवलं होतं, गावापासून लांब. तिथून परत आला तो मोठा डोनल अडखळत बोलायला लागलेला. पुढे कधीतरी जोसी नोराला ऐकवते की त्या सगळ्या काळात तू एकदाही मुलांना बघायला आली नाहीस. नोराकडे उत्तर आहे, आणि ते खरंही आहे: नवरा मरत होता, त्याच्याजवळ कुणीतरी हवं होतं. टोबीन दोन्ही बाजू समोर ठेवतो आणि उठून निघून जातो. आई चुकली असं म्हणत नाही. बिचारी काय करणार, असंही म्हणत नाही. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावालाही वडिलांच्या आजारपणात असंच एका नातेवाइकांकडे ठेवलं होतं, तोही पुढे अडखळत बोलायचा, हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा वाचला. त्याच्या जागी मी असते तर कुठेतरी माझा आवाज चढला असता. इथे एक क्रियापद वर-खाली होत नाही.

आम्ही दोघं तेव्हा दोन महिने कराडला मावशीकडे होतो. बाबा मुंबईला, आई त्यांच्याजवळ. मावशीने लाड केले, आंब्याच्या दिवसांत रोज आमरस केला, आणि भाऊ रोज संध्याकाळी फाटकावर चढून बसायचा. बाबांजवळ कुणीतरी हवं होतं हे मला कळतं. कळतं आणि तरी.

याबद्दल मी आईला आजतागायत विचारलेलं नाही.

त्यानंतर आई बाबांच्याच शाळेच्या कार्यालयात कारकून म्हणून लागली. 'अनुकंपेवर लागले' असं ती सांगायची, आणि अजूनही सांगते, जसं कुणी 'तृतीय श्रेणीत लागले' म्हणेल तसं. एवढा मोठा शब्द, कागदावर टाइप होऊन होऊन त्यातली कणव पार झिजून गेलेली. नोराही गावातल्या गिब्नी कुटुंबाच्या कचेरीत कामाला लागते. लग्नाआधी ती तिथेच होती. जिथून सुटलो तिथेच परत, आणि आता वरिष्ठ म्हणून फ्रॅन्सी कॅव्हनॉ, जिला नोराने तरुणपणी एकदा मैत्रिणीबरोबर सायकल दामटून मुद्दाम मागे टाकलं होतं. फ्रॅन्सी ते विसरलेली नाही. छोट्या गावाचा हा हिशेब टोबीनइतका चोख मांडणारे मी थोडे वाचलेत. त्या गावात पुजिन या वास्तुकाराने आराखडा केलेलं कॅथीड्रल आहे, वरच्या टेकडीवर १७९८ च्या बंडातली मोठी लढाई झाली होती, खालून स्लेनी नदी वाहते, पण त्याचं सगळं चित्त कोण कुणाच्या दुकानात जातं आणि कुणी कुणाला ओळख दिली नाही याच्यात. आणि नोरा गरीब गाय नाही, हे मला फार आवडतं. तिच्या धाकट्या कोनोरला शाळेत 'अ' तुकडीतून 'ब'मध्ये टाकतात तेव्हा ती शिक्षकांना कळवते की मी फलक घेऊन फाटकात उभी राहीन आणि जो मला ओलांडून आत जाईल त्याला विधवेचा शाप लागेल. वाचताना मी मोठ्याने हसले. तळतळाट नावाची चीज तिकडेही चालते तर! आयर्लंडमधले शाळा चालवणारे ख्रिश्चन ब्रदर्स आणि आमच्या आळीतले दुकानदार, घाबरायला एकच गोष्ट पुरते.

पण नोराचं खरं पाऊल पडतं ते गाण्यात. ती आवाज शिकायला जायला लागते, ग्रामोफोन सोसायटीत बसते, पैसे साठवून घरी रेकॉर्ड आणते. मॉरिसला संगीतात गम्य नव्हतं. म्हणजे तो असता तर हे काहीच झालं नसतं, आणि नोराला हे कळतं. कळल्यावर ती दचकत नाही, की स्वतःला दोष देत बसत नाही. नुसतं तिला ते कळलेलं आहे. माणूस गेल्याचं दुःख खरं, आणि तो गेल्यामुळे उघडलेली खिडकीही खरी. आपल्याकडे हे दुसरं वाक्य कुणी उच्चारत नाही. मलाही ते आत्ता लिहिताना कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतंय.

१९९० च्या उन्हाळ्यात आई लुना शिकली. शाळेतल्या एका बाईंची जुनी लुना होती, त्यांनीच शिकवायचं मनावर घेतलं. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की आई पदर कमरेला खोचून बसायची आणि त्या बाई कॅरियर धरून मागे पळायच्या. मी पायऱ्यांवर दप्तर घेऊन बसलेली असायचे. एक दिवस त्यांनी हात सोडला. आईला ते पन्नासेक फूट कळलंच नाही, कळलं तेव्हा ती किंचाळली आणि मग हसायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, खो-खोच्या खांबापाशी वळताना सुद्धा हसतच होती. मैदानात धूळ उडालेली, तिच्या साडीचा निळा काठ चाकाजवळ फडफडतोय, आणि मी तेरा वर्षांची मुलगी, माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. बाबा नाहीत आणि ही हसते. रात्री मी जेवले नाही. आईने दोनदा विचारलं. पोट दुखतंय म्हणाले. तिने ओवा आणून दिला. तो मी चावत बसले आणि तिच्याकडे बघितलं नाही. पुढे ती लुना चालवत राहिली, कितीतरी वर्षं, पण तसं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. माझ्यामुळेच असेल असं नाही. पण ती पायऱ्यांवर बसलेल्या मुलीकडे बघून लुना थांबवायची, हे मला पक्कं आठवतं.

'नोरा वेबस्टर'मधले मुलगे असेच पायऱ्यांवर बसलेले आहेत. आई काय घालते, कुणाशी बोलते, आवाज कसा लागलाय, सगळ्याची नोंद. नोरा समुद्राकाठच्या कुश गावातलं घर कुणाला न विचारता विकून टाकते, तेही त्या नोंदवहीत जातं. डोनल तर पुढे कॅमेराच हातात घेतो. टोबीनने ते सगळं पाहिलेलं लिहिलं, पण आपल्या डोळ्यांतून लिहिलं नाही. त्याने आईच्या आत जाऊन बसून लिहिलं, आणि तिथून तो मुलगा कसा दिसतो तेही बघितलं. त्याला वेळ लागला तो याचाच असावा. त्याच्या लिहायच्या खुर्चीबद्दल त्याने एकदा सांगितलं होतं की ती जगातल्या अत्यंत गैरसोयीच्या खुर्च्यांपैकी आहे, दिवसभर बसलं की आपल्याला ठाऊक नसलेले अवयव दुखायला लागतात. मला ते तेव्हा लेखकाचं नाटक वाटलं होतं.

त्याची सगळीच पुस्तकं मला झेपली असं नाही. 'हाउस ऑफ नेम्स' अर्धं सोडलं, ग्रीक रक्तपात त्याच्या हाताला मानवत नाही असं माझं मत. थॉमस मान या जर्मन लेखकावरचं 'द मॅजिशियन' पाहुण्यांच्या यादीसारखं लांबलं. 'द टेस्टामेंट ऑफ मेरी' मात्र एका बसणीत संपवलं. येशूची आई म्हातारपणी बसून, माझ्या मुलाचं हे काय करून ठेवलंत, असं विचारते, आणि तिच्याकडून साक्ष लिहून घ्यायला आलेले शिष्य तिला हवं ते बोलू देत नाहीत. आणि 'द मास्टर'. हेन्री जेम्स या कादंबरीकारावरची ही कादंबरी मी फक्त एका प्रसंगासाठी पुन्हा वाचू शकते. जेम्सची लेखिका मैत्रीण कॉन्स्टन्स वूलसन १८९४ साली व्हेनिसमध्ये खिडकीतून पडून वारली. तिच्या कपड्यांचं काय करायचं? जेम्स आणि गोंडोलावाला ते कपडे नावेत घालून खाडीत दूर नेतात आणि पाण्यात सोडतात. पण कपडे बुडत नाहीत. झगे पाण्यावर फुगून वर येतात, काळे, फुग्यांसारखे. काठीने दाबलं तरी पुन्हा वर. 'नोरा वेबस्टर'मध्येही शेवटाकडे मॉरिसचे कपडे निघतात. इतकी वर्षं ते कपाटात तसेच लटकलेले. नोराच्याने होत नाही, जोसी मावशी येऊन कपाट रिकामं करते, आणि मग नोरा मॉरिसची जुनी पत्रं जाळते.

आमच्याकडे बाबांचे सहा शर्ट होते, टेरिकॉटचे, सगळे फिक्या रंगाचे. आईने ते शाळेतल्या शिपाईमामांना दिले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाचवीचा वर्ग संपवून व्हरांड्यात आले तर पुढे बाबा चालले होते. तीच पाठ, तीच घडी, उजव्या खांद्यावर शिवण जरा ओढलेली. हातात पितळी घंटेचा टोल होता. ते वळले आणि मामा झाले. घरी येऊन मी आईला म्हणाले, शर्ट का दिलेस. ती भाकरी थापत होती. "नवे होते," एवढंच म्हणाली. टोबीनने लिहिलं असतं तर याच्या पुढे एक शब्द घातला नसता, म्हणून मीही घालत नाही.

गेल्या वर्षी 'लाँग आयलंड' वाचली. आयलिशचीच पुढची गोष्ट, वीस वर्षांनंतरची. दारात एक अनोळखी माणूस येतो आणि सांगतो की तुझ्या नवऱ्यापासून माझ्या बायकोला दिवस गेलेत, मूल झालं की मी ते तुझ्या उंबऱ्यावर आणून ठेवीन. पुन्हा दारच. आयलिश आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं निमित्त करून एनिसकॉर्थीला येते. तिथे नॅन्सी शेरिडन आहे, तीही विधवा, चिप्सचं दुकान चालवते. ही नॅन्सी मला ओळखीची होती, 'मदर्स अँड सन्स'मधल्या एका कथेत तिने कर्जातून वर यायला ते दुकान काढलं तेव्हापासून. तिचं आता पुन्हा लग्न ठरतंय, अगदी गुपचूप, मुलीचं लग्न आटपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. वाचताना मी मनात म्हणत होते, सांग ना, सांगून टाक, कुणाच्या बापाला घाबरतेस. बापाला नव्हे, लेकरांना घाबरते, हे माझ्या लक्षात यायला तो जिना लागला.

परवा पुन्हा साताऱ्याला गेले. रविवारी सकाळी आईने न्हाणीघराबाहेर स्टूल ठेवलं, खाली जुना 'सकाळ' अंथरला, खांद्यावर फाटका टॉवेल घेतला. वाटीत रंग कालवून झाला होता. त्याचा उग्र वास स्वयंपाकघरापर्यंत आला, फोडणीत मिसळला. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. मुळांशी बोटभर पांढरं वर आलेलं. पुढचं तिने सराईतासारखं उरकलं आणि ब्रश मागे माझ्या दिशेने धरला. "मागचं मला दिसत नाही," म्हणाली. मागे मानेवर, जिथे अंबाडा बसतो त्याच्या खाली, एक पट्टा पूर्ण पांढरा होता. गेल्या खेपेला तिथे रंग लागलाच नव्हता. मी दोन महिन्यांपूर्वी चार दिवस त्या डोक्याभोवती वावरले होते आणि मला तो दिसला नव्हता.

मी केस दोन बोटांनी उचलून रंग लावायला लागले. तिची मान इतकी बारीक झालीये हे मला माहीत नव्हतं.

"समोरच्यांना तू काय सांगितलंस?" तिने भिंतीकडे बघत विचारलं.

ब्रश थांबला. "कधी?"

"तू मला रंगवायला सांगितलंस म्हणे."

"हो. म्हटलं खरं तसं."

ती काही बोलली नाही. वाटीतला रंग वर्तमानपत्रावर ठिपकला, तो एका जाहिरातीवर पसरत गेला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तो पुढच्या गल्लीत वळेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो.

"मग आता नीट लाव," आई म्हणाली. "आणि कानाला लागू देऊ नकोस. आठवडाभर निघत नाही तो."

मी तिचा कान अंगठ्याने पुढे दुमडून धरला.